स्वतः कंपाइल केलेला लिनक्स कर्नल इतका मोठा झाला की बूटच होत नाही. लहान कसा करू?

कर्नलला कात्री लावायच्या आधी बूट फोल्डरमधल्या फाइलींचे आकार बघा. तुम्ही लिहिलंय की उबंटूची कॉन्फिग (कर्नलच्या सेटिंगची फाइल) जशीच्या तशी उचलली, सीताबर्डीवरून घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर कर्नल कंपाइल केला आणि ग्रब (मशीन चालू होताना कर्नल मेमरीत घेणारा प्रोग्राम) 'आउट ऑफ मेमरी' म्हणून अडला. माझा अंदाज सांगतो: व्हीएमलिनझ (म्हणजे कर्नलचीच फाइल) दहा-पंधरा एमबीचीच असेल, आणि शेजारची इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर असलेली फाइल) शेकडो एमबीची. ग्रबला ती मेमरीत घेताच येत नाहीये.

असं होतं कारण त्या कॉन्फिगमध्ये हजारो ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून (लागेल तेव्हा लोड होणाऱ्या वेगळ्या फाइली) चालू असतात, शिवाय डीबग माहितीही (चुका शोधायला लागते ती). उबंटूवाले पॅकेज बनवताना ती माहिती वेगळी काढून ठेवतात. आपण नुसतं 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल' मारलं की ती प्रत्येक मॉड्यूलला चिकटून इनिटआरडीत जाऊन बसते. त्याच कमांडला 'इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=1' जोडा (इंग्रजीत, सगळी अक्षरं कॅपिटल; यानं ती माहिती काढली जाते) आणि इनिटआरडी परत बनवा. बहुतेक वेळा एवढ्यावरच भागतं. मेनूकॉन्फिगमध्ये (कॉन्फिग बदलायचा मेनू) 'कर्नल हॅकिंग'खालची डीबग माहिती बंद केली तर कंपाइल करताना डिस्कवरची जागाही भरपूर वाचते.

इंटरनेटवर 'बीझेडइमेज वापरा' असा सल्ला दिसेल. तो जुन्या काळचा. झेडइमेज (कर्नल फाइलीचा जुना प्रकार) पहिल्या 640 केबी मेमरीत मावावी लागायची, तेव्हाची ती अडचण. आज 'मेक' केलं की बीझेडइमेजच बनते.

आता खरंच बारीक करायचा असेल तर 'मेक लोकलमॉडकॉन्फिग'. या घडीला जी मॉड्यूल लोड आहेत तेवढीच ठेवून बाकीची तो उडवतो. म्हणून चालवण्याआधी लागणारं सगळं एकदा जोडून घ्या: वायफाय, प्रिंटर, मोबाईलचं यूएसबी टेदरिंग, आणि पेन ड्राइव्ह तर नक्की माउंट करा. नाहीतर फॅटसोबत (पेन ड्राइव्हची फाइल सिस्टिम) लागणारा कोडपेज 437 (फाइलींची नावं वाचायचा अक्षरसंच) पण उडतो आणि झेरॉक्सवाल्याकडून आणलेला पेन ड्राइव्ह उघडतच नाही. कंपाइलचा वेळही यानं फार कमी होतो. आपल्याकडच्या मे महिन्यात, कूलरसमोर ठेवूनही लॅपटॉप तापून बंद पडतो तेव्हा, मला तरी हाच फायदा मोठा वाटतो. 'मेक'च्या 'जे'चा आकडाही (एका वेळी किती कामं चालवायची तो) कमी ठेवा भाऊ.

डिस्कचा ड्रायव्हर (जुन्या लॅपटॉपवर बहुधा एएचसीआय) आणि ईएक्सटी4 (डिस्कवरची फाइल सिस्टिम) मात्र उडवू नका. ते मॉड्यूल न ठेवता थेट 'वाय' करा, म्हणजे कर्नलच्या आतच बसतात. ते सुटले तर 'अनेबल टू माउंट रूट एफएस' म्हणत कर्नल पॅनिक होतो. हे दोन्ही आत असले तर इनिटआरडीशिवायही बूट होतं, पण मग ग्रबमध्ये 'रूट=यूयूआयडी' (फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांक) चालत नाही. ते ओळखण्याचं काम इनिटआरडीचं असतं. एकट्या कर्नलला पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) किंवा डिव्हाइसचं नावच द्यावं लागतं. एलव्हीएम (डिस्कच्या जागेची लवचीक विभागणी) किंवा एनक्रिप्शन असेल तर इनिटआरडी काढायच्या वाटेला जाऊच नका.

इनिटआरडी ठेवूनच लहान करायची तर इनिटरामएफएसच्या कॉन्फ फाइलमध्ये 'मॉड्यूल्स=मोस्ट'चं 'डेप' करा, म्हणजे याच मशीनला लागणारी मॉड्यूल तेवढी आत जातात. मग तीच डिस्क दुसऱ्या मशीनला लावल्यावर चालेलच असं नाही, तेवढं लक्षात असू द्या.

आणि ग्रबच्या यादीतला उबंटूचा मूळ कर्नल, नवा दोन-चार दिवस नीट चालेपर्यंत, काढू नका.