'इंग्रजी तपासून द्या' एवढ्यावर काम थांबू नये म्हणून

प्रश्न: हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेक्निकल रायटर आहे, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं याचा मजकूर लिहिते. रिलीज उद्यावर आलं की फीचर माझ्यापर्यंत पोहोचतं. रिव्ह्यूला पाठवलेला मसुदा 'लुक्स गुड' म्हणून परत येतो. ग्राहकाला चूक सापडली की बोल मात्र मला लागतो. डेव्हलपरच्या लेखी मी फक्त व्याकरण तपासते. काय करावं?
– एक वाचक, वाकड

उत्तर: शेवटी येणाऱ्याच्या हातात भाषा दुरुस्त करण्यापलीकडे काही उरतच नाही. म्हणून आधी तुमची येण्याची वेळ बदला. जिरात (कामांची नोंद ठेवायचं साधन) प्रत्येक स्टोरीखाली, म्हणजे फीचरच्या नोंदीखाली, डॉक्युमेंटेशनची वेगळी सब-टास्क हवी आणि 'डेफिनिशन ऑफ डन'मध्ये, म्हणजे काम पूर्ण कधी मानायचं त्या यादीत, 'मजकूर तपासून झाला' ही अट हवी. डेव्हलपरशी वाद घालून हे होत नाही. प्रॉडक्ट मॅनेजर आणि स्क्रम मास्टर (टीमच्या कामाची पद्धत सांभाळणारा) यांच्याकडून मान्य करून घ्या. स्प्रिंट प्लॅनिंगला, म्हणजे पुढच्या टप्प्याची कामं ठरवायच्या बैठकीला, बसा आणि स्वतःच्या कामाचा अंदाज स्वतः द्या.

खरा वजनाचा भाग यापुढचा. स्टेजिंगवरचं बिल्ड, म्हणजे रिलीजआधी चाचणीसाठी ठेवलेली आवृत्ती, स्वतः चालवून पाहा. एपीआय (दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची सोय) असेल तर पोस्टमन या चाचणीच्या साधनातून रिक्वेस्ट पाठवा. 200 चं, म्हणजे सगळं सुरळीत झाल्याचं, उत्तर सगळेच लिहितात. टोकनची मुदत संपल्यावर 401 येतं का, परवानगी नसेल तर 403 येतं का, विनंत्यांची मर्यादा ओलांडल्यावर 429 सोबत कोणता संदेश येतो, हे क्वचितच कुणी तपासतं, आणि ग्राहक अडतो तो नेमका तिथेच. ओपनएपीआय फाइलमध्ये (एपीआयचं ठरावीक साच्यातलं वर्णन) एखादं फील्ड ऐच्छिक असतं, पण ते न पाठवल्यास सर्व्हर 400, म्हणजे 'विनंती चुकीची', असं उत्तर देतो. अशी विसंगती दिसली की बिल्ड नंबर, रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्ससकट बग नोंदवा. असे नेमके बग येऊ लागले की तुमच्याशी बोलण्याचा सूर बदलतो.

प्रश्नही तयारी करून विचारा. 'हे फीचर समजावून सांगाल का?' याला उत्तर मिळायला दोन दिवस लागतात. 'कॉन्फिग फाइलमध्ये टाइमआउट 30 सेकंद आहे, स्क्रीनवर 60 दिसतो, बरोबर कोणता?' याला दोन मिनिटांत मिळतं.

रिव्ह्यूला चाळीस पानांची पीडीएफ पाठवली तर 'लुक्स गुड'च येणार. बदललेली दोन-तीन पानंच पाठवा आणि प्रत्येकाला वेगळं काम द्या: डेव्हलपरनं आकडे आणि डीफॉल्ट मूल्यं पाहावीत, क्यूएनं (चाचणी करणाऱ्यांनी) पायऱ्या करून पाहाव्यात, सपोर्टनं ग्राहक कुठे अडतो ते सांगावं. मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी लिहिलेली टेक्स्ट फाइल) असेल तर कोडच्या आवृत्त्या जिथे ठेवतात त्या गिटवर छोटी पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल तपासून घेण्याची विनंती, टाका. डेव्हलपर तिथे ओळीगणिक शेरे द्यायला सरावलेले असतात. मुदतीत उत्तर आलं नाही तर तिकिटावर 'अमुक मुद्दा तपासायचा बाकी' असं लिहून ठेवा. त्यांचं मौन म्हणजे होकार धरू नका.

अप्रेझलला पानांची संख्या सांगू नका. सपोर्टकडून गेल्या तिमाहीतले सर्वाधिक विचारलेले दहा प्रश्न घ्या, त्यांतल्या तीन-चारांवर पानं सुधारा आणि पुढच्या तिमाहीत नेमके तेच प्रश्न किती आले ते दाखवा. एकूण तिकिटं कमी झाली असा दावा मात्र टाळा, कारण त्याची कारणं दहा असतात.

प्रश्न: चाकणच्या कारखान्यात मी यंत्रांची मॅन्युअल लिहितो. यंत्रं युरोपात जातात, तरी मॅन्युअल म्हणजे पेटीत टाकायचा कागद, असंच इथे मानतात.
– एक वाचक, भोसरी

उत्तर: तुमची बाजू कायद्यानेच भक्कम आहे. युरोपात यंत्रासोबत वापरसूचना देणं बंधनकारक आहे. यंत्रांविषयीच्या सध्याच्या 2006/42 या युरोपीय निर्देशाची जागा घेणारा 2023/1230 हा नियम 20 जानेवारी 2027 पासून लागू होतो. आयएसओ 12100 या यंत्रसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार धोका आधी रचनेतून, मग संरक्षक साधनांनी कमी करायचा. त्यानंतरही उरतो तो वापरणाऱ्याला सूचनांमधून सांगायचा. ही तिसरी पायरी तुमच्या हातात आहे. म्हणून जोखीम मूल्यमापनाच्या बैठकीला बसायची परवानगी मागा आणि उरलेल्या प्रत्येक धोक्यासमोर मॅन्युअलमधला पान क्रमांक लिहिलेला तक्ता डिझाइन विभागाला द्या. ज्या धोक्यासमोर पान क्रमांक नसेल, तिथे सूचना लिहायची राहिली आहे हे त्यांनाही लगेच दिसेल.