कीकार्ड म्हणजे कुठलं पान?

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा. व्हिडिओ पाहून पत्त्यांची जादू शिकतोय. ‘कीकार्ड’, ‘फोर्स’ असं काही तरी बोलतो, मला रमीपलीकडे काही येत नाही. समजावाल का?

उत्तर : रमी येते म्हणजे निम्मं काम झालं. कॅट, पिसणं, काटणं हे तुम्हाला ठाऊकच आहे. ‘फोर्स’ म्हणजे आपल्याला हवं तेच पान समोरच्याच्या गळ्यात मारणं, तेही त्यानेच निवडलंय असं वाटायला लावून. ते मुलाला सध्या जमणार नाही; घाई करू देऊ नका.

कीकार्ड म्हणजे आपल्याला आधीच माहीत असलेलं, समोरच्याच्या पानाची जागा दाखवणारं पान. ही जादू मात्र आजच करा. कॅट नीट जुळवताना तळाचं पान हळूच बघा, समजा किलवर सत्ती. समोरच्याने ओढलेलं पान त्याला कॅटवर ठेवायला सांगा आणि कॅट एकदा काटा. तळाची सत्ती बरोबर त्याच्या पानावर येऊन बसते. आता वरून एकेक पान उघडत जा. सत्तीनंतरचं पान त्याचं. मधे पिसू मात्र नका! मी पहिल्यांदा घरच्यांसमोर सवयीने पिसलं आणि बदाम राणीऐवजी चौकट दुर्री काढून दाखवली. मामा अजून मला ‘दुर्री’ म्हणतो.