मथळ्यातून कर्ता कोणी काढला?

इंदूरच्या राजेंद्रनगरमधून एका पालकांचे पत्र आले आहे. त्यांची कन्या बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला असून सुटीत तिने एका हिंदी दैनिकात उमेदवारी केली. वृत्तसंस्थेच्या बातमीला तिने दिलेला ‘इस्राइली हमले में तीस मारे गए’ हा मथळा सकाळी ‘गाजा में धमाका, तीस की मौत’ असा छापून आला, आणि कारण कोणी सांगितले नाही. अशा क्षेत्रापेक्षा तिने बँकेच्या परीक्षा द्याव्यात का, असे ते विचारतात.

सप्रेम नमस्कार,

वाक्यातला कर्ता गेला हे आपल्या कन्येने ओळखले. उपसंपादकाची नजर म्हणतात ती हीच, आणि ती शिकवून क्वचितच येते.

मात्र प्रत्येक बदल भीतीपोटीच होतो असे नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझातील अल-अहली रुग्णालयात स्फोट झाला, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आरंभी ‘हा इस्रायलचा हल्ला’ या हमासच्या दाव्यावर फार भिस्त ठेवली आणि सहा दिवसांनी तशी कबुली छापली. त्याच दैनिकाची एक अंतर्गत सूचना एप्रिल २०२४ मध्ये बाहेर आली. ‘वंशसंहार’ हा शब्द मर्यादित वापरावा आणि ‘व्याप्त प्रदेश’ हा टाळावा, असे तीत बातमीदारांना सांगितले होते. पहिल्या प्रसंगी सावधपणा कमी पडला, तर दुसऱ्या प्रसंगी तो शब्दांनाच पुरून उरला, असे माझे मत आहे. आपल्याकडे तर अशी लेखी सूचनाही बहुधा नसते. जाहिरातदार, मालक वा वाचक यांपैकी कोणी रागावेल या अंदाजाने रात्रपाळीतला माणूस आपणहून शब्द सौम्य करतो.

म्हणून तिने मुख्य उपसंपादकांना नम्रपणे एवढेच विचारावे, की हल्ला कोणी केला याची खात्री नव्हती, की ते लिहायचे नव्हते. मिळालेले उत्तर मूळ मजकूर आणि छापील कात्रण यांच्यासोबत वहीत नोंदवावे.

राहुल बारपुते यांच्यासारख्या मराठी माणसाने ज्या शहरात हिंदी दैनिकाचे संपादकपद गाजवले, तेथील मुलीला हिंदीचे वावडे नसावे. तरीही मराठीत लिहायचे असल्यास भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रातील मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम पाहावा. इंदुरातच राहायचे असेल, तर देवी अहिल्या विश्वविद्यालयात पत्रकारिता विभाग आहे. बँकेचा अर्जही अवश्य भरावा, कारण सुरुवातीचा पगार पत्रकारितेत तुटपुंजाच असतो. पण तो मथळ्याच्या रागात भरू नये.