"मले एड्स झाला काय?" विचारणाऱ्या बाईला प्रेप कशी सांगायची

ताई, तुम्ही लिहिलंय की नागपुरातल्या तुमच्या वस्तीत मीटिंगमध्ये प्रेपची, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या गोळ्यांची, बाटली काढली की बाया "मले एड्स झाला काय, गोळी कायले खाऊ?" म्हणून उठून जातात. टीआयमध्ये, म्हणजे धंदा करणाऱ्या बायांसारख्या जास्त धोक्यातल्या लोकांसाठीच्या एचआयव्ही प्रकल्पात, बरीच वर्षं काढल्यामुळे हे वाक्य मला पाठ आहे. आणि बाईचं चुकत नाही. अशी बाटली तिने पाहिलेली असते ती मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) एआरटी सेंटरमधून, म्हणजे एचआयव्ही झालेल्यांना औषध देतात तिथून, आलेल्या शेजारणीकडे.

तेव्हा "ही वेगळीच गोळी आहे" असं अजिबात सांगू नका. टेनोफोव्हिर दोन्हीकडे असतं. लेबल वाचणारी एखादी पोरगी निघतेच, मग तुमचं बाकीचं बोलणंही खोटं ठरतं. सरळ सांगा की औषध त्याच घरातलं आहे, पण ही गोळी फक्त निगेटिव्ह माणसाची. एआरटीच्या नेहमीच्या गोळीत तीन औषधं असतात, प्रेपमध्ये दोनच, टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन. एचआयव्ही झालेल्याला दोन पुरत नाहीत, म्हणून आधी आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात) टेस्ट, नंतर दर तीन महिन्यांनी. पॉझिटिव्ह बाई टेस्ट न करता हीच घेत राहिली तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. किडनीची आणि हेपॅटायटिस बीची तपासणीही करून घ्या. बी असलेल्या माणसाने गोळी अचानक सोडली तर लिव्हरचं दुखणं उफाळू शकतं.

कंडोम फाटला म्हणून सकाळी धावत येणारीला मात्र प्रेप नाही. तिला पेप, म्हणजे धोका घडून गेल्यावर घ्यायची औषधं, लागते: जितक्या लवकर तितकं बरं, फार तर ७२ तासांत सुरू, आणि पूर्ण २८ दिवस. ही दोन नावं एकाच दमात सांगितली की हमखास घोळ होतो.

दुसरा घोळ पुरुषांच्या ग्रुपमधून येतो. संबंधाआधी दोन गोळ्या, मग एकेक, ही पद्धत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी आहे. बायांनी आणि इस्ट्रोजेन घेणाऱ्या किन्नरांनी रोजच घ्यायची. बायांना पहिले तीन आठवडे गोळीवर भिस्त ठेवू देऊ नका. कंडोम नंतरही सुटत नाही, गुप्तरोग आणि दिवस जाणं गोळीने थांबत नाही.

खरी अडचण बाटलीची. सासूला सापडली तर? बाया गोळ्या पावडरच्या डब्यात ओततात, तिथे ओल लागते. त्यापेक्षा लेबल खरवडा, एक्सपायरीची तारीख झाकणावर लिहा, आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका.

मीटिंगचा हट्टही सोडा. २०२१ मध्ये गंगाजमुनात, नागपूरच्या धंद्याच्या वस्तीत, पोलिसांनी नाकेबंदी केल्यावर कितीतरी बाया पांगल्या. त्या तुमच्या सतरंजीवर येऊन बसणार नाहीत. टेस्टचा निगेटिव्ह रिपोर्ट हातात पडतो ना, तेव्हा बाहेरच्या बाकावर बोला. "आता हे असंच ठेवायचं का?" एवढं विचारलं तरी बाई थांबते.

सहा महिन्यांनी एकदा घ्यायच्या सुईबद्दल त्या विचारतीलच. लेनाकापाविरला अमेरिकेत जून २०२५ मध्ये परवानगी मिळाली, पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही शिफारस केली. तुमच्या ड्रॉप-इन सेंटरच्या कपाटात ती नाही, तेव्हा आशा लावू नका.

आणि पैशाचं आधीच सांगा. नाकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची) प्रेपची मार्गदर्शक सूचना २०२२ पासून आहे, पण एआरटीसारखी ही गोळी सरसकट फुकट मिळत नाही. दर महिन्याची बाटली कोण भरणार, हे सुपरवायझरकडून कळल्याशिवाय कुणाला सुरू करायला लावू नका. मध्येच गोळी बंद पडलेली बाई पुन्हा तुमच्याकडे येत नाही.