सू-वीडची दांडी घ्यायची? आधी घरचा गंज आणि लाइट बघा

गेल्या दोन महिन्यांत या एकाच विषयावर इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं पान त्यालाच दिलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सू-वीड म्हणजे फ्रेंचमध्ये निर्वातात. मांस पिशवीत घालायचं, आतली हवा काढायची आणि पिशवी ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात तास-दोन तास, कधी अख्खा दिवस ठेवायची. पाणी उकळत नाही, ६३ डिग्री म्हटलं की ६३ वरच राहतं, त्यामुळे मांस बाहेरून कोरडं आणि आतून कच्चं असं होत नाही. १९७४ साली जॉर्ज प्रालू या फ्रेंच शेफने रोआन गावातल्या त्र्वाग्रो हॉटेलसाठी फ्वा ग्रा, म्हणजे बदका-हंसाचं लिव्हर, असं शिजवलं कारण एरवी त्याची चरबी वितळून वजन घटायचं. घरात वापरायच्या दांड्या, म्हणजे भांड्याच्या काठाला लावून पाणी तापवणारी आणि फिरवणारी मशीन, मात्र गेल्या दहा-बारा वर्षांतल्याच.

प्रश्न: काकू, मी नागपूरच्या मिहानमध्ये नोकरीला आहे, राहतो त्रिमूर्तीनगरला. ताई डिसेंबरात अमेरिकेतून येऊन राहिली, ती म्हणते तिकडे सेल लागलाय, सू-वीडची दांडी घेऊन येते. आणू देऊ का? आणि ८०० वॅट की १०००, ॲपवाली की साधी?

उत्तर: नको आणू देऊ बाबा. तिला म्हणावं त्या पैशाचे बदाम-चॉकलेट आण. तिकडचा करंट १२० व्होल्टचा, आपला २३०. फरक दुपटीचा वाटतो पण हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे १००० वॅटची दांडी आपल्या प्लगमध्ये लावली की ती साडेतीन हजार वॅटच्या वर ओढायला बघेल आणि क्षणात जळेल. ट्रान्सफॉर्मर लावून चालते असं कोणी सांगेल, चालते पण १५०० वॅटचा ट्रान्सफॉर्मर चांगला जड डबा असतो, तो ओट्यावर ठेवायचा कुठे आणि त्याचे पैसे धरले तर सेलचा फायदा गेलाच ना. डब्यावर २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ असं छापलेलं असेल तरच घ्यायची, मग ती दुबईहून येवो नाहीतर इथेच ऑनलाइन मिळो.

आता वॅट. दहा लिटर पाणी २५ वरून ६० डिग्रीला न्यायला १००० वॅटच्या दांडीला पंचवीस मिनिटांच्या आसपास लागतात, ८०० वाली तीस-पस्तीस घेते. वीज दोन्हीकडे तेवढीच, अर्ध्या युनिटच्या आतबाहेर. आपल्याकडे तर मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच इतकं तापलेलं येतं की अर्धं काम उन्हाने केलेलं असतं. तुम्ही घरात तीन-चार माणसं असाल तर ८०० पुरे, जास्त वॅटसाठी जास्त पैसे देण्यात मला अर्थ वाटत नाही.

पैसे द्यायचे असतील तर दांडी वॉटरप्रूफ आहे का त्यासाठी द्या. डब्यावर आयपीएक्स-७ लिहिलेलं बघा, म्हणजे चुकून पाण्यात पडली तरी अर्धा तास तग धरते. हे मी भोगून सांगते. माझी पहिली दांडी तशी नव्हती, आठव्या महिन्यात वाफ वर डोक्यात शिरली, आकडे पुसट दिसायला लागले आणि एक दिवस बंदच पडली. कंपनीचं सर्व्हिस सेंटर नागपुरात नाही, मुंबईला कुरिअर करा म्हणाले, तेही माझ्या खर्चाने, आणि दीड महिन्याने उत्तर आलं की पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. म्हणून विकत घ्यायच्या आधीच विचारून घे की बिघडली तर नागपुरात कोण बघेल.

ॲप नको. आमच्या घरी वाय-फाय स्वयंपाकघरात पोचता पोचता दम तोडतो, आणि ॲप बंद पडलं किंवा त्याला महिन्याची वर्गणी लावली तर हातात काय राहिलं? अंगावर बटणं आणि आकडे असलेली घे. जूल नावाच्या दांडीच्या पहिल्या मॉडेलला तर आकड्यांचा पडदाच नव्हता, सगळं फोनवरून.

आणि ज्याचा कोणी विचार करत नाही ते म्हणजे गंज, आपलं उभं पातेलं. आपल्या घरचे स्टीलचे गंज काठाला बाहेर वळलेले असतात, दांडीचा चिमटा त्या वळणावर नीट बसत नाही, तिरपी होते. खोलीही लागते, वीतभर तरी. दांडीवर खाली मिनिमम आणि वर मॅक्सिमम अशा दोन रेघा असतात, पाणी त्यांच्या मध्ये राहायला पाहिजे, मिनिममच्या खाली गेलं की मशीन बंद. मी शेवटी इतवारीतून सरळ काठाचा दहा लिटरचा उभा डबा आणला, खाली लाकडी पाट ठेवते म्हणजे ओट्याच्या दगडाला तासन्‌तास चटका लागत नाही, वरून झाकण म्हणून फॉइल गुंडाळते.

बोअरचं पाणी असेल तर चार-पाच वेळा वापरल्यावर हीटरवर पांढरा थर चढतो. डब्यात पाणी आणि दोन चमचे लिंबूसत्व घालून ६० वर अर्धा तास फिरवायचं, थर निघतो. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी असेल तर इतकं करावं लागत नाही.

मशीन खरं बोलते का ते तपासायची एक सोपी रीत सांगते. ४० डिग्री लावा, पाणी स्थिर झालं की घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर त्यात धरा. तो ४०च्या आसपास अगदी अचूक असतो. अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त फरक दिसला तर पहिल्याच आठवड्यात परत करा.

प्रश्न: आमचं महालात घर, रविवारी सावजी मटण ठरलेलं. मुलगा म्हणतो सू-वीडमध्ये मटण लोण्यासारखं होते. खरंच सावजी त्यात जमेल का ताई?

उत्तर: ताई, सावजीसाठी घेऊ नका. मी तीन वेळा करून पाहिलं म्हणून छातीठोक सांगते.

सावजीची चव कुठून येते बघा. खसखस, दगडफूल, काळी मिरी, सुकं खोबरं आधी भाजायचं, वाटायचं आणि मग तेलात इतकं परतायचं की तेल सुटून वर तर्री येते. पिशवीतल्या ६५ डिग्रीला यातलं काहीच होत नाही. मसाला कच्चाच राहतो, तेल मसाल्यातच बसून राहतं, आणि हाडांचा अर्क रश्श्यात उतरायचा तो पिशवीतल्या दोन चमचे पाण्यात अडकतो. आपला कुकर शिट्टीला येतो तेव्हा आत १२० डिग्रीच्या आसपास असतं, बकऱ्याच्या मांसातली चिवट शीर तिथे अर्ध्या-पाऊण तासात विरघळते. तेच ६५ वर करायचं तर चोवीस तास, ७५ वर केलं तरी बारा-चौदा तास. घरी पाहुणे बसलेत आणि मटण उद्या शिजणार, हे काही सावजीचं तंत्र नाही.

पण मुलगा अगदीच चुकीचं नाही सांगून राहिला. मागच्या मांडीचा बिनहाडाचा तुकडा नुसतं मीठ-मिरी लावून ७० वर सोळा-सतरा तास ठेवला, पुसून कोरडा केला आणि धूर निघालेल्या लोखंडी तव्यावर दोन्ही बाजू अर्धा-अर्धा मिनिट भाजला, तर जे होतं ते कुकरमध्ये कधीच होत नाही. सुरीने पातळ काप पडतात, रेषा दिसते, तरी दाताखाली चिवट लागत नाही. सावजी रस्सा वेगळा करून त्यावर ओतला तर तोही छान लागतो, फक्त त्याला सावजी मटण म्हणू नका, आमच्या सासूबाईंनी म्हणू दिलं नसतं.

एक मात्र लक्षात ठेवा. कच्ची पपई लावायची सवय असेल तर सू-वीडच्या पिशवीत ती अजिबात घालायची नाही. पपईतला पाचक रस ६०-७० डिग्रीला सर्वात जोरात काम करतो, कुकरमध्ये तो लगेच मरतो म्हणून आपल्याला कळत नाही. मी पहिल्यांदा नेहमीच्या सवयीने चमचाभर लावली, सकाळी पिशवी उघडली तर तुकड्याचा आकार होता पण बोट लावलं की भिजवलेल्या पिठासारखं बोट आत गेलं, जवळपास किलोभर मटण गेलं. कच्चं आलंही असंच, थोडं कमी. आणि कच्चा लसूण नको, इतक्या कमी आचेला तो शिजत नाही, उग्र लागतो, शिवाय बिनहवेच्या पिशवीत बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंची भीती असते. आलं-लसूण तेलात परतून नंतर रश्श्यात घाला.

प्रश्न: मी नंदनवनचा, जिमला जातो. रोज चिकन ब्रेस्ट खाऊन खाऊन घशात अडकते. सू-वीडने फरक पडेल का? व्हॅक्यूम मशीनही घ्यावं लागते का? प्लॅस्टिकचं काय? आणि लाइट गेली तर?

उत्तर: तुझ्यासाठीच आहे रे ही वस्तू. मी सगळ्यांना सांगते, चिकन ब्रेस्ट आठवड्यातून तीनदा खात असाल तर डोळे मिटून घ्या, नाहीतर विचार करा.

बोटभर जाडीचा तुकडा, मीठ, थोडं तेल, ६३ डिग्री, दीड तास. फ्रीझरमधून थेट टाकला तर आणखी एक तास धर. कापला की आतून पाणी सुटतं, रेषा मऊ, घशात अडकायचा प्रश्न नाही. लोक म्हणतात चिकनला ७४ डिग्री पाहिजेच. ७४ ला जंतू लगेच मरतात, ६३ ला तेच मरायला मिनिटं लागतात, म्हणून तर दीड तास ठेवायचं, तापमान कमी ठेवलं की वेळेत सूट नाही.

व्हॅक्यूम मशीन आधी घेऊ नको. जाड झिपवाली फ्रीझर बॅग घे, चिकन घाल, झिप कोपऱ्यात दोन बोटं उघडी ठेव आणि पिशवी हळूहळू पाण्यात उतरव. पाणी बाहेरून दाबतं आणि हवा त्या कोपऱ्यातून फुस्स करत निघते, पिशवी मांसाला चिकटते, मग कोपरा बंद कर आणि तोंड काठाला कपडे वाळवायच्या चिमट्याने लाव. पिशवी तरंगली तर आत हवा राहिली, वर आलेला भाग शिजणार नाही, परत काढून हवा घालव. पिशवी फूड ग्रेड पॉलिथिनची पाहिजे, किराणा दुकानातली पातळ कॅरीबॅग अजिबात नाही. ७०च्या वर जास्त तास ठेवायचं तर झिपच्या शिवणी सैल पडतात, तेव्हा मात्र सील केलेली व्हॅक्यूम पिशवीच बरी.

आता लाइट. हा खरा नागपूरचा प्रश्न. घरचा ८००-९०० व्हीएचा इन्व्हर्टर ही दांडी ओढत नाही, त्याच्या भरवशावर राहू नको. घ्यायच्या आधी विचार की लाइट परत आली की मशीन आपोआप सुरू होते का, कारण बऱ्याच नुसत्या टुकटुक करत बसतात. मागच्या मे महिन्यात वादळ आलं, मी चिकन लावून बर्डीला गेले होते, घरी आले तर आकडा लुकलुकत होता आणि पाणी ४८ वर. किती वेळ झाला कळायला मार्ग नाही, सगळं फेकलं. ५ ते ६० डिग्री ही जंतूंना वाढायला सोयीची पट्टी, त्यात कच्चं मांस दोन तासांपेक्षा जास्त राहिलं की वास आला नाही तरी खायचं नाही. फॉइल नीट लावलेली असली तर पाणी हळू उतरतं, तास-अर्धा तास लाइट गेली तर काही बिघडत नाही, फक्त तू घरी पाहिजेस. रात्रभरचं आणि ऑफिसला जाताना लावायचं काम मी पावसाळ्यात करतच नाही.

आठवड्याचं एकदम करणार असशील तर शिजल्यावर पिशवी न उघडता बर्फाच्या पाण्यात अर्धा तास बुडव, मग फ्रीज, आणि तीन दिवसांत संपव. ओट्यावर गार करत ठेवायचं नाही, आपल्या उन्हाळ्यात ओट्यावर ते गार होतच नाही.

प्रश्न: आम्ही लक्ष्मीनगरचे दोघं निवृत्त, शुद्ध शाकाहारी. सून म्हणते घ्या. आमच्या काय उपयोगाचं?

उत्तर: दादा, खरं सांगायचं तर फारसं नाही. भाजीला ८५ डिग्री लागतात, त्याखाली गाजर-बीट तासन्‌तास ठेवलं तरी कडकच. गाजर मात्र लोणी घालून पिशवीत तासभर ठेवलं तर इतकं गोड लागतं की साखर घातली का असं विचारतात. राजमा यात चुकूनही नको, त्यातला विषारी अंश खळखळ उकळल्याशिवाय जात नाही. एक काम फार सुंदर होतं, दही. जानेवारीत नागपूरच्या थंडीत दही लागत नाही ना, ४३ डिग्रीच्या पाण्यात विरजण लावलेली बरणी सहा तास ठेवा, सुरीने कापावं असं दही. पण तेवढ्यासाठी मशीन? गुंडाळून ठेवलेला डबाही तेच करतो. सुनेला नाही म्हणताना जड जाईल पण नाहीच म्हणा.

प्रश्न: काकू, हॉस्टेलला राहतो, मशीन परवडत नाही. बादलीतल्या पाणी तापवायच्या रॉडने आणि थर्मामीटरने जमेल का?

उत्तर: नाही, बेटा, अजिबात नाही. रॉडला तापमान कळत नाही, पाणी फिरत नाही, रॉडजवळ उकळतं आणि खाली कोमट राहतं, शिवाय चालू रॉडच्या पाण्यात हात घालून पिशवी हलवायची म्हणजे जीवाशी खेळ.

त्याऐवजी जाड भिंतीचा आइसबॉक्स बघ, लग्नाकार्यात पाण्याच्या बाटल्यांना वापरतात तो, कोणाकडून तरी मागून मिळतो. तो जसा थंड ठेवतो तसाच गरमही ठेवतो. किटलीत उकळलेलं आणि साधं पाणी मिसळून ६६ डिग्रीचं पाणी काठोकाठ भर, चिकन आधी खोलीच्या तापमानाला पंधरा मिनिटं ठेवून मग टाक कारण फ्रीजचं गार मांस पाणी उतरवतं, एका वेळी एकच पातळ तुकडा, झाकण घट्ट. दर अर्ध्या तासाने स्वयंपाकाचा थर्मामीटर (तापाचा नाही) बघ, ६२च्या खाली गेलं तर एक मग पाणी काढून तेवढंच उकळतं पाणी ओत. दीड तासाने तव्यावर भाज. मटण यात जमणार नाही, तेवढा वेळ पाणी टिकत नाही. आणि मेसवाल्या काकूंचा तवा मागताना आधी घासून परत करीन असं सांग.