सोनौलीहून बस गेली, सॅक डिकीतच राहिली

प्रश्न : मी २७ वर्षांची, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. पाठीवर सॅक टाकून एकटीच नेपाळला निघाले होते. दिल्ली ते काठमांडू ट्रॅव्हल्सच्या बसचं तिकीट घरबसल्या अ‍ॅपवर काढलं. ‘आधार चालेल’ असं ट्रॅव्हल्सवाल्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं. नेपाळच्या सीमेवर, सोनौलीला तपासणीत मला अडवलं आणि मी तिथे बोलत असतानाच बस निघून गेली. कॅमेरा, कपडे, सगळं असलेली सॅक डिकीत. ती अजून मिळालेली नाही. तिकिटावर ‘सामानाची जबाबदारी प्रवाशाची’ आणि ‘वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात’ असं छापलंय. दिल्लीला खेटे घालणं मला शक्य नाही. सोडून देऊ का?

उत्तर : सोडून देऊ नका. दिल्लीला जायचीही गरज नाही.

आधी कटू भाग. तुम्हाला अडवणाऱ्यांचं चुकलं नाही. नेपाळला व्हिसा लागत नाही, १९५० च्या करारामुळे ये-जा खुली आहे, म्हणून कुठलंही ओळखपत्र चालेल असं पुष्कळांना वाटतं. पण १५ ते ६५ वयाच्या भारतीयाकडे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. तेव्हा त्या अधिकाऱ्यांविरुद्ध तक्रारीत एक ओळही लिहू नका.

ट्रॅव्हल्सवाल्यांचं तसं नाही. सीमेपलीकडे बस नेण्याचा धंदा करणाऱ्याने प्रवाशाला चुकीची माहिती द्यावी, ही सेवेतली त्रुटीच. ‘नियम तुम्हीही पाहायला हवा होता’ असं ते म्हणतील, आणि त्यात थोडं तथ्य आहे. या मुद्द्यावर भरपाई कमी मिळू शकते. तरीही तो मेसेज जिवापाड जपा. पूर्ण संभाषण मूळ फोनमध्येच राहू द्या. त्याच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं.

तुमची खरी बाजू सॅकची आहे. क्लीनरने ती डिकीत ठेवली तेव्हा ती त्यांच्या ताब्यात गेली. कागद अपुरे म्हणून तुम्हाला पुढे नेलं नाही, हे समजू शकतं. एका मुलीला सीमेवर सोडून तिचं सामान खाली न काढता निघून जाणं, याला उत्तर नाही. स्वतःच्या निष्काळजीपणावर तिकिटावरची छापील ओळ पांघरूण घालू शकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र सॅक डिकीत होती हे तुम्हाला दाखवावं लागेल. सामानाचा टॅग, बसमध्ये चढतानाचा फोटो, सहप्रवाशाचा नंबर, जे असेल ते शोधा. त्या रात्री ड्रायव्हरला किंवा ऑफिसला सॅकबद्दल मेसेज केला होता का? त्यावर ‘काठमांडूहून घेऊन जा’ एवढं जरी उत्तर आलं असेल, तरी ती कबुलीच आहे.

आता दिल्लीचं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती आणि माणसं तिथेच हात टेकायची. तुमची तक्रार नाशिकच्या आयोगात चालेल. ‘फक्त दिल्ली’ या छापील अटीमुळे कायद्याने दिलेला हा हक्क जात नाही.

आधी ट्रॅव्हल्स आणि अ‍ॅप, दोघांनाही ईमेलने नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. अ‍ॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यावा, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. काहीच हललं नाही तर ग्राहक आयोगाच्या तक्रारींसाठी असलेल्या ई-जागृती पोर्टलवर दोघांनाही प्रतिपक्ष करून तक्रार दाखल करा. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, म्हणजे तुम्हाला शून्य. वकील सक्तीचा नाही.

पोलिसांकडून फार अपेक्षा ठेवू नका. अप्रामाणिक हेतू दिसल्याशिवाय हा गुन्हा ठरवणं अवघड. सॅकमध्ये कागदपत्रं असतील तर हरवल्याची नोंद मात्र आजच करा.

मागणीचा आकडा फुगवू नका. वापरलेल्या कॅमेऱ्याला नव्याची किंमत मागितली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते. बिलं, सोनौलीतल्या मुक्कामाची पावती, परतीचं तिकीट जोडा, मनस्तापाची रक्कम वेगळी मागा. मुदत दोन वर्षांची आहे, पण नोटीस याच आठवड्यात पाठवा. सहप्रवाशांना अजून तुमचा चेहरा आठवत असेल.