‘मातृत्व-विविधता’ की ‘मातृरेषेतील विविधता’?

प्रश्न असा आहे : फिनलंडच्या लोकांच्या जनुकांवरील लेखाचे मराठी करताना ‘मॅटर्नल’ आणि ‘पॅटर्नल डायव्हर्सिटी’ला ‘मातृत्व-विविधता’ आणि ‘पैतृक विविधता’ म्हटले तर चालेल का?

‘मातृत्व’ आधी काढा. मातृत्व म्हणजे आईपण, त्याचा इथे संबंध नाही. ‘पैतृक’ व्याकरणाने शुद्ध आहे, पण मराठी वाचकाला त्यातून वाडवडिलांची घर-जमीन आठवते. शिवाय त्यात वडिलांकडून आलेले सगळेच येते. इथे मोजलेले असते ते फारच थोडे.

तंतुकणिकेतला (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातला) डीएनए फक्त आईकडून येतो : आई, आईची आई, तिची आई. आजोळचे आजोबा त्यात येतच नाहीत, म्हणून ‘आईकडची विविधता’ हेही सैल पडते. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला मिळते, मुलीला नाही. दहा पिढ्या मागे गेलात तर पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. त्यातली एक मातृरेषेची, एक पितृरेषेची. म्हणून मी ‘मातृरेषा’ आणि ‘पितृरेषा’ सुचवतो. ‘मातृवंश’ वाईट नाही, पण ‘वंश’ म्हटले की मानववंशाचा अर्थ डोकावतो, आणि अशा विषयात तो घातकच. ‘मातृसत्ताक’ तर सर्वस्वी वेगळे.

फिन लोकांच्या बाबतीत हा काटेकोरपणा फार गरजेचा आहे. तिथल्या साधारण ६० टक्के पुरुषांची पितृरेषा ‘एन’ या एकाच हॅप्लोगटातली (एकाच मूळ पूर्वजाकडून आलेल्या रेषांच्या गटातली) आहे. पूर्वेकडे हे प्रमाण आणखी चढते, पश्चिमेकडे ‘आय१’ हा दुसरा गट वाढतो. मातृरेषांत ‘एच’ आणि ‘यू५’ हे गट ठळक असले तरी एवढा एकसुरीपणा नाही. ‘पैतृक विविधता कमी’ असे लिहिले तर वडिलांकडून आलेली सगळीच जनुके एकसारखी, असा चुकीचा अर्थ निघेल. ‘पितृरेषांतील विविधता कमी’ लिहा, म्हणजे विधान वाय गुणसूत्रापुरतेच राहते.

त्याच लेखात ‘बॉटलनेक’ भेटेलच. १९९६च्या एका गाजलेल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच तो आहे. कृपया ‘बाटलीची मान’ नको. एके काळी माणसे फार थोडी उरली किंवा थोड्यांनीच वस्ती केली, असा त्याचा अर्थ. ‘लोकसंख्येचे आकुंचन’ पुरे.

आणि ‘अनुवंशिक’ नव्हे, ‘आनुवंशिक’. पहिला ‘आ’ दीर्घच.